घुमटाबाहेरची सगुणा

विमलाबाईंना सगुणा पहिल्यांदा दिसली ती मुलांच्या चपला लावताना. त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली. बाई तेव्हा डोंबिवलीच्या एका शाळेत मराठी आणि भूगोल शिकवत होत्या. त्या वर्षी शाळेने फिरतं तारांगण बोलावलं होतं. सभागृहातली बाकं भिंतीला लावून मधोमध काळ्या कापडाचा एक घुमट हवेने फुगवून उभा केला होता, उपड्या घातलेल्या टोपलीसारखा. त्याला एका बाजूने बोगद्यासारखं तोंड. मुलं पायातलं काढून रांगत त्या तोंडात शिरत आणि नाहीशी होत. आतून एका पुरुषाचा आवाज येई, गोधडीतून बोलल्यासारखा. आणि बाहेर, तोंडाशी, एका बसक्या स्टुलावर ही बसलेली. सावळी, हडकुळी, अंबाड्यात अबोलीची वेणी. एक हात मागे घुमटाच्या कापडावर टेकवलेला. दुसऱ्या हाताने, जागेवरून न उठता, ती सगळ्या चपला जोडीजोडीने मांडत होती. प्रत्येक जोडीचं तोंड बाहेरच्या बाजूला.

"अगं, उलट्या लावतेस," बाई म्हणाल्या.

"आतून येतात तवा डोळे दिपलेले असतात, बाई. आंधळ्यावानी येतात. पाय टाकला की चपलेत पडला पायजे."

"आणि हा मागचा हात कशाला?"

"ताप बघते त्याचा," ती म्हणाली, आणि हसली नाही. ती थट्टा होती हे बाईंना दुपारी चहाच्या वेळी कळलं. कापड ताठ आहे का, हवा बरोबर भरते आहे का, हे ती हाताने पाहत होती.

आतला आवाज तिच्या नवऱ्याचा, महेंद्र नाखवाचा. विज्ञानाचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलेला माणूस. ठाण्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे हा घुमट होता, त्यांच्या हाताखाली तो लागला, आणि त्यांचे गुडघे गेल्यावर घुमट याच्याकडे आला. सगुणा बाळकुमची. तिचे वडील धाकू खाडीत होडी घालायचे. पुढे खाडीचं पाणी बिघडलं, म्हावरं हटलं आणि होडी काठावर पालथी पडली, ती पडलीच. बाळकुमात इमारती उठू लागल्या तेव्हा सगुणाचं लग्न झालं. सासर-माहेरच्या बायका विचारायच्या, नवरा काय करतो? ती सांगायची, शाळांत जाऊन पोरांना रात्र दाखवतो.

बाईंना ही दोघं आवडली, म्हणून दरवर्षी मुख्याध्यापकांच्या मागे लागून त्या तारांगण बोलवायच्या. आणि दरवर्षी मधल्या सुट्टीत सगुणाजवळ जाऊन बसायच्या. त्यांना त्यांच्या कामाची रीत फार बघावीशी वाटे. घुमट फुगला की आधी महेंद्र एकटा आत शिरायचा. अंधाराला डोळे सरावले की त्याला कापडाची भोकं दिसायची, कारण बाहेरचा उजेड त्यांतून आत येई. भोक राहिलं तर पोरं त्यालाच तारा समजत आणि नाव विचारत. म्हणून तो आतून भोकावर बोट दाबायचा, बाहेर कापडाला टेंगूळ यायचं, आणि सगुणा त्यावर काळं ठिगळ लावायची. बाहेरून तिला एकही भोक दिसत नसे. आतून त्याला ठिगळ लावता येत नसे.

"मिळालं का?" तो आतून विचारायचा.

"हाव. हलू नका, सुई टोचंल."

टाके जाळं सांधण्याचे असत. धाकूने शिकवलेले.

तिच्या स्टुलाशेजारी धाकूच्या होडीतलं एक वल्हं उभं केलेलं असे. शाळेच्या सभागृहात वल्हं बघून नवे शिक्षक हसायचे. वीज गेली की पंखा बंद पडतो, घुमट हळूहळू खाली बसायला लागतो आणि सगळ्यात आधी तोंड मिटतं. तेव्हा सगुणा ते वल्हं तोंडात आडवं-उभं घालून बोगदा उघडा धरायची आणि मुलं त्याखालून रांगत बाहेर यायची. कल्याण-डोंबिवलीत वीज काही कमी वेळा जात नव्हती.

वल्हं आलं त्यालाही कारण होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी, कल्याणच्या एका शाळेत, खेळ चालू असताना सगुणाला आत काय आहे ते बघायची हौस आली. ती स्टुलावरून उठली आणि बोगद्यात डोकं घातलं. तेवढ्यात येणाऱ्याजाणाऱ्या कुणाचा तरी पाय वायरीत अडकला, पंखा थांबला, आणि काळं कापड मुलांच्या डोक्यावर येऊन बसलं. लागलं कुणालाच नाही. पण मुलं घाबरून ओरडली, आणि मुख्याध्यापकांनी भरल्या सभागृहात महेंद्रला नाही नाही ते सुनावलं. तो खाली मान घालून उभा होता. ते तिने पाहिलं. त्या दिवसापासून आत मुलं असेपर्यंत सगुणा स्टुलावरून उठली नाही.

"होडी पाण्यात असली की आय बंदर सोडायची नाय," ती एकदा बाईंना म्हणाली. "घरात काम पडलेलं असायचं, तरी बसून राहायची."

"म्हणजे तू आतलं अजून बघितलंच नाहीस?"

"ऐकते की रोज."

वर्षं अशीच गेली. बाई निवृत्त झाल्या, मुलाबरोबर टिटवाळ्याला नव्या इमारतीत राहायला आल्या. नाखव्यांची मुलगी मेघाली शिकून नोकरीला लागली. घुमटाची ठिगळं वाढत गेली, मूळ कापड कमी दिसू लागलं. महेंद्रचेही गुडघे गेले. दिवसातून कितीदा तरी रांगत आत जायचं, रांगत बाहेर यायचं, तास तास बोलायचं, मग सगळं गुंडाळून व्हॅनमध्ये टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी शहाडला किंवा कळव्याला पुन्हा उलगडायचं. शाळांमध्ये आता मोठे पडदे आले होते. मुलं मोबाइलवर ग्रह-तारे बघून आलेली असायची आणि आत बसून जांभया द्यायची. तरी दोघं फिरत होती, थांबायचं कसं हे ठरवायलाही दम लागतो म्हणून.

गेल्या फेब्रुवारीत बाईंनी त्यांना टिटवाळ्याला सोसायटीच्या हॉलमध्ये खेळ करायला बोलावलं. दोघं आली ती दमूनच आली. बाईंनी थालीपीठ आणि चहा दिला. सगुणाचे केस पिकले होते. पाय लांब करून भिंतीला टेकून ती बसली आणि थालीपीठ अर्धं खाऊन हातात धरून राहिली.

"बाई, हा शेवटचा," महेंद्र म्हणाला. "तारे दाखवणाऱ्या डब्यातला दिवा आता मिळत नाही. आहे तो गेला की संपलं. आणि माझे पाय तर आधीच संपलेत."

सगुणा पाणी आणायला आत गेली तेव्हा त्याने आवाज खाली केला.

"एक काम आहे तुमच्याकडे. हिला एकदा आत न्यायचंय. इतकी वर्षं बाहेर बसली. मी आत काय करतो ते हिला माहीत नाही. आता नाही तर परत कधी होणार नाही."

"मग ने ना."

"येत नाही. तोंडाशी कोण बसणार म्हणते. मेघाली बसते म्हणाली तर म्हणे, ती मोबाइल बघंल. दुसऱ्या कुणावर विश्वासच नाही."

सगुणा पाणी घेऊन आली. "मना ऐकू येतंय," ती म्हणाली. "कशाला जायाचा आता? गुडघे तुमचेच दुखतात व्हय?"

पहिला खेळ लहान मुलांचा होता. बाई प्लॅस्टिकची खुर्ची ओढून सगुणाच्या शेजारी बसल्या. हॉलमध्ये उकडत होतं, पंख्याची घरघर चालू होती. सगुणाची पाठ घुमटाला टेकलेली, डोळे मिटत होते आणि मिटता मिटता उघडत होते. मागचा हात मात्र कापडावरून हलला नव्हता. आत महेंद्र कृष्णविवरापर्यंत आला होता. एवढं जड काही एका जागी गोळा झालं की त्याच्या ओढीतून उजेडही सुटत नाही, असं तो सांगत होता. मग एका मुलीचा आवाज आला. ती वरच्या मजल्यावरची रुचिता, बाईंनी ओळखलं.

"सर, मी व्हिडिओत बघितलेलं, आपण सगळेच ब्लॅक होलच्या आत आहोत. खरंय?"

"आला बघा," सगुणा डोळे न उघडता म्हणाली. "हल्ली कोण ना कोण विचारतंच."

आत महेंद्रने खोकला काढला. "कुणाला माहीत नाही, बाळा. काही शास्त्रज्ञांना तसं वाटतं. आपल्याला दिसतं तेवढ्या विश्वातलं सगळं वजन धरून हिशेब केला, तर त्या वजनाचं कृष्णविवर जवळजवळ या विश्वाएवढंच मोठं निघतं. म्हणून शंका येते. कुणी म्हणतं, दुसऱ्या कुठल्या तरी मोठ्या विश्वात एक तारा कोसळला आणि त्याच्या पोटात आपलं विश्व सुरू झालं. पण पुष्कळांना हे पटत नाही. कृष्णविवरात पडलेलं सगळं आवळत जायला हवं, आणि आपलं विश्व तर पसरतंय."

"मग बाहेर जाऊन बघायचं ना."

"तेच तर जमत नाही. बाहेरचा उजेड आत येऊ शकतो, आतला बाहेर जात नाही. बाहेर कुणी असलंच, तर त्याला आपण दिसणार नाही. आपला आवाजही जाणार नाही."

आत मुलं आपसात कुजबुजू लागली.

"काय गं," बाई हळूच म्हणाल्या, "खरंच तसं असेल तर बाहेर कोण असेल?"

सगुणाने जांभई दिली. "असंल कोण तरी, चपला संभाळत."

बाई हसल्या. मग त्यांना हसू आवरतं घ्यावं लागलं, कारण सगुणा हसत नव्हती. ती दमलेली होती, आणि तिने जे होतं ते सांगितलं होतं.

"सगुणा," बाई म्हणाल्या, "पुढच्या खेळाला मी बसते इथे. तू आत जा."

"तुमी?"

"मी. मोबाइल मला बघता येत नाही, तुला माहीतच आहे."

सगुणा त्यांच्याकडे बघत राहिली, शाळेत नव्या मुलाकडे बघावं तशी. नाही म्हणायलाही तिच्यात जोर उरला नव्हता की काय, ती उठली. मुलं बाहेर आली, चपला घालून गेली, मग तिने बाईंना स्टुलावर बसवलं.

"पाठ अशी टेकवा. जोरात नको. हात इथं. कापड ढिलं लागलं की आधी वायर बघायची, मग पंखा. वीज गेली तर वल्हं. बोंबलायचं नाय, पोरं घाबरतात. कोणी काय पण बोलवलं तरी उठायचं नाय."

"नाही उठणार."

"मुतायचं असंल तर आताच जाऊन या."

"अगं, बस झालं," महेंद्र म्हणाला. "वर्गात उभं राहून शिकवलंय त्यांनी आयुष्यभर."

"उभं राहणं वेगळं," सगुणा म्हणाली.

मुलं अजून जमायची होती. सगुणाने आपल्या चपला काढल्या, पदर खोचला आणि बोगद्यासमोर बसली. पन्नाशीची बाई, गुडघे कुरकुरत, हळूहळू रांगत आत गेली. तिच्या मागून महेंद्र. कापडाचं तोंड मिटलं आणि बाई एकट्या राहिल्या.

आता त्यांना नुसतं ऐकू येत होतं. आधी काहीच नाही. मग बाई वायर बघायला पुढे वाकल्या, तोच सगुणाचा आवाज आला, गोधडीतून यावा तसा.

"अवो, इथं भोक हाय."

तिने आतून बोट दाबलं, तसं बाईंच्या पाठीमागे कापडाला टेंगूळ आलं.

"हे बघा. माझ्याच पाठीशी. किती मोठं. इतकी वर्षं सांगितलं नाय? पोरं काय म्हणत असतील? मी सगळी ठिगळं लावली नि माझ्याच जागेवर—"

"ते राहू दिलंय."

"राहू दिलंय म्हंजे?"

बाई तोवर परत टेकून बसल्या होत्या. "बाई," महेंद्रने आतून हाक मारली, "जरा पुढे वाका. उठू नका, नुसत्या वाका."

बाई पुढे वाकल्या.

"आता टेका परत."

बाईंनी पाठ टेकली.

"बघितलंस?" आत महेंद्र म्हणाला. "टेकल्या की अंधार. तू बसलेली असलीस की तिथे काही दिसत नाही. उठलीस की ठिपका. कल्याणला तो प्रकार झाला ना, त्यानंतर मला आत बोलताना भ्या वाटायचं. निम्मं लक्ष तिकडेच. तो कोपरा काळा असला की मी निवांत बोलायचो."

"मी एकदा पण उठले नाय."

"ठाऊक आहे मला. रोज बघत होतो."

बाईंना पाठीला घुमटाची ऊब लागत होती, तापल्या अंगासारखी. त्यांनी हात नीट कापडावर ठेवला आणि वायरीकडे नजर लावून बसल्या.

"मेल्या, मी शिवलं असतं ना," सगुणाचा आवाज आला.

"म्हणून तर बोललो नाही."

मग मोठी मुलं आली, बडबड करत, ढकलाढकली करत. बाईंनी त्यांच्या चपला जोडीने लावल्या, तोंडं बाहेर करून. वाकताना पाठ सुटू नये म्हणून त्यांची फार कसरत झाली. एक चप्पल दूर जाऊन पडली होती, ती तशीच राहू दिली. आत खेळ सुरू झाला. महेंद्र नेहमीचंच सांगत होता: संध्याकाळ, पहिला तारा, सप्तर्षी, ध्रुव. पण आज तो हळू बोलत होता, मध्येच थांबत होता. 'ही बघ' म्हणत होता, 'हे बघा' न म्हणता. मुलांच्या ते लक्षात आलं नसावं. कृष्णविवर आलं. याही वेळी कुणीतरी तोच प्रश्न विचारला, आणि महेंद्रने तेच उत्तर आणखी हळू दिलं. शेवटी तर आवाज इतका खाली गेला की बाईंना शब्द कळेनात.

खेळ संपला. मुलं रांगत बाहेर आली, डोळे चोळत, पाय टाकत चपलांत. नेहमीपेक्षा गप्प. एका मुलाने ओठांवर बोट ठेवून मागच्याला दटावलं. सगळ्यांत शेवटी महेंद्र आला, ताऱ्यांचा डबा पुढे सरकवत. बोगद्याबाहेर येऊन तो तसाच जमिनीवर बसला.

"सगुणा?" बाईंनी विचारलं.

"झोपली."

"कधी?"

"ध्रुवाच्या आसपास. घोरत होती, म्हणून मी आवाज बारीक केला. पोरं शहाणी निघाली, हसली नाहीत."

"उठवतोस?"

महेंद्रने नाही म्हणून मान हलवली. गुडघे चोळत तो वर घुमटाकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर निराशा असेल असं बाईंना वाटलं होतं. नीट बघितल्यावर त्यांना तिथे दमलेपणाखेरीज काही सापडलं नाही, आणि तेही जरासं सैल झालेलं.

"पंखा चालू राहू दे," तो म्हणाला. "तुम्ही बसाल थोडा वेळ?"

"बसते की."

तो जाऊन व्हॅनमध्ये ताऱ्यांचा डबा ठेवून आला, बाहेरच्या सतरंज्या झटकून गुंडाळल्या. सोसायटीचा सेक्रेटरी दोनदा डोकावला. भजनी मंडळाला हॉल हवा होता. बाईंनी त्याला स्टुलावरूनच हाताने थांबवलं, वर्गात थांबवत तसं. घुमटाच्या तोंडाशी आता एकच जोड उरला होता, सगुणाचा, अंगठे झिजलेला. तो आत जाणाऱ्याने काढला होता तसाच पडला होता, तोंड घुमटाकडे. बाईंनी हात लांब करून तो फिरवून ठेवला.

सगुणा बाहेर आली तेव्हा भजनी मंडळ पायऱ्यांवर बसून होतं. डोळे किलकिले करत तिने पाय टाकला, तो चपलेतच पडला. आधी तिने वायर बघितली, मग पंखा, मग बाईंना.

"उठला नाय ना?"

"नाही."

"बघितलं मी सगळं," ती म्हणाली. "चंद्र छान होता."

"चंद्र दाखवलाच नव्हता आज," महेंद्र म्हणाला.

"मग मना दिसला." तिने पंख्याचा खटका बंद केला. घुमट हळूहळू खाली बसला, आणि दोघं दोन बाजूंनी त्याच्या घड्या घालू लागली.

महेंद्र आता ठाण्याच्या एका अभ्यासिकेत बसतो, दिवसभर खुर्चीवर. बाई अधूनमधून फोन करतात. सगुणा रोज सकाळी बाळकुमच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसते. दुपारी घरी येते, जेवते आणि झोपते.